तीन देश, तीन मुक्काम: सांगलीहून युरोप, दोन मोठ्या मुलांसोबत

डिसेंबर ते एप्रिल, सांगली

दहावी आणि आठवीतल्या मुलांना घेऊन युरोपला जायचं म्हटलं की सहलीच्या कंपन्यांची पत्रकं हातात पडतात: दहा दिवसांत सात देश. सकाळी लवकर बस, रात्री वेगळ्याच देशातलं हॉटेल. लहान मुलं बसमध्ये झोपून जातात, वयस्कर मंडळींना सोबत मिळते, त्यांना हे सोयीचं आहे. पण तेरा ते सोळा या वयातल्या मुलांना कुणी हाताला धरून फिरवलेलं आवडत नाही, आणि मला त्यांचं पटतं. म्हणून घरात ठरवलं, देश तीनच, प्रत्येक देशात मुक्काम एकच, आणि एकेका देशाचा कारभार एकेकाकडे. नेदरलँड्स धाकट्याकडे, फ्रान्स थोरलीकडे, स्वित्झर्लंड ह्यांच्याकडे. व्हिसा आणि पैशांचा हिशेब माझ्याकडे.

व्हिसाचं आधी सांगते, कारण त्यावाचून बाकी सगळं कागदावरच राहतं. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा एकच काढायचा, पण तो कोणत्या देशाकडे मागायचा याला नियम आहे. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्याच असतील तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे. आमच्या नेदरलँड्स आणि फ्रान्सच्या रात्री सारख्या होत्या आणि उतरणार होतो ॲमस्टरडॅमला, म्हणून डच, म्हणजे नेदरलँड्सचा व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि निदान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. मे महिन्यात जाणाऱ्यांनी फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट धरून ठेवावी, नंतर गर्दी होते. बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला मोठ्यांचीच फी, ९० युरो, आणि वर व्हिसा अर्ज केंद्राचा आकार. बोटांचे ठसेही बारा वर्षांवरच्या सगळ्यांचे घेतात, म्हणजे मुलांनाही पुण्याला न्यावं लागतं. थोरलीची दहावीची परीक्षा संपली त्याच्या पुढच्याच आठवड्यातली तारीख आम्ही घेतली होती.

ह्यांची मार्केट यार्डात हळदीची पेढी आहे. नोकरदाराला रजेचं पत्र आणि पगाराच्या पावत्या दिल्या की बरंचसं भागतं, व्यापाऱ्याला कागद जास्त लागतात: आयटी रिटर्न्स, जीएसटीची नोंदणी, पेढीच्या चालू खात्याचं आणि घरच्या बचत खात्याचं स्टेटमेंट. खात्यात ऐनवेळी कुठून तरी मोठी रक्कम आणून टाकू नये. वर्षभराचे व्यवहार आहेत तसे दिसले तर त्यांना प्रश्न पडत नाही. मुलांसाठी शाळेचं बोनाफाईड, जन्माचे दाखले, आईवडील दोघांची संमती. प्रत्येकाचा किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा. आणि पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने हवी. लहानपणी काढलेला पासपोर्ट पाच वर्षांतच संपतो, तेव्हा मुलांचे पासपोर्ट सगळ्यात आधी काढून बघावेत.

विमानाचं तिकीट जाताना मुंबई ते ॲमस्टरडॅम, परतताना झुरिक ते मुंबई असं घेतलं. ज्या गावात उतरलो तिथेच परत यायचं म्हटलं तर एक अख्खा दिवस आणि रेल्वेचे पैसे फुकट जातात. धाकट्याने ॲमस्टरडॅमऐवजी हार्लेम सुचवलं. रेल्वेने पंधरा-वीस मिनिटं, आणि ॲमस्टरडॅममध्ये खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के पर्यटन कर लागतो हे त्याने शोधून काढलं होतं. चौघांना एका साध्या खोलीत तिकडे राहू देत नाहीत, मुलं मोठी असली की नाहीच. स्वयंपाकघर असलेली जागा घेतली की झोपण्याचं आणि जेवणाचं, दोन्ही प्रश्न सुटतात.

नाझींपासून लपून राहिलेल्या आणि तिथे डायरी लिहिणाऱ्या ज्यू मुलीच्या, ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं मात्र सरळ मिळत नाहीत. दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी ती ऑनलाइन खुली होतात, तिथल्या सकाळी दहाला. मार्चमध्ये आपल्याकडे तेव्हा दुपारचे अडीच वाजतात. त्या मंगळवारी मी जेवण आटोपून दोन वाजल्यापासून लॅपटॉपपुढे बसले होते. थोरली शेजारी बसून पासपोर्टवरची नावं वाचून दाखवत होती. चार तिकिटं मिळाली तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींना टाळी दिली.

२ मे, सांगली ते मुंबई

सासूबाईंनी डबे भरायला घेतले तेव्हा तूप आणि कंदी पेढे बाजूला काढावे लागले. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, तासगावचे बेदाणे एवढं घेतलं. त्यांना वाईट वाटलं. "पेढ्यानं कुणाचं काय वाईट होतंय?" असं त्या दोनदा म्हणाल्या आणि मग पेढे शेजारी वाटून टाकले.

दुपारी निघालो. पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी, पुणे. मध्यरात्रीनंतरचं विमान.

३ मे, हार्लेम

विमान उतरताना धाकटा खिडकीला चिकटून बसला होता. स्किफोल विमानतळ समुद्रसपाटीपेक्षा तीन-साडेतीन मीटर खाली आहे आणि १८५२ पर्यंत तिथे एक मोठं सरोवर होतं, हे तो आम्हाला महिनाभर सांगत होता. चाकं टेकली तसा तो म्हणाला, "आई, आपण आता तळ्याच्या तळाला आहोत."

पासपोर्ट तपासणीच्या रांगेत अधिकाऱ्याने मुलांना विचारलं, कुठे कुठे जाणार? धाकट्याने तिन्ही देश, तिन्ही गावं आणि परतीची तारीख सांगितली. पुढे कुठेच सीमेवर पासपोर्ट दाखवावा लागला नाही, पण तो जवळ ठेवायचा असतोच. रेल्वेला वेगळं तिकीट काढायची गरज नाही. बँकेचं कार्ड फाटकावर टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं. मात्र प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं. मुलांसाठी आम्ही परदेशी चलनाची प्रीपेड कार्डं काढली होती. आपापलं कार्ड, आपापला खर्च, रात्री वहीत हिशेब. एरवी पैशांवरून होणारी घासाघीस या पद्धतीने झाली नाही.

संध्याकाळी दूध-भाजी आणायला सुपरमार्केटमध्ये गेलो, तर फळांच्या फळीवर द्राक्षांची प्लॅस्टिकची डबी आणि चिठ्ठीवर देश छापलेला: इंडिया. तासगावची की नाशिकची ते काही लिहिलेलं नव्हतं. ह्यांनी डबी उलटीसुलटी करून मणी बघितले, देठ बघितला आणि "माल चांगला आहे" म्हणून एक डबी घेतली. चव आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या द्राक्षांसारखीच होती, मण्यावर थोडा थंडपणा जास्त.

स्वयंपाक करताना एक सांभाळावं: फोडणी मंद आचेवर आणि खिडकी उघडी. धुराची घंटा छताला असते आणि ती मोहरीलाही वाजते.

४ मे, ॲमस्टरडॅम

प्रिन्सेनग्राख्ट या कालव्याकाठचं २६३ क्रमांकाचं घर. ६ जुलै १९४२ ला फ्रँक कुटुंब इथे मागच्या भागात लपलं. पुढे आणखी चौघे आले, एकूण आठ माणसं, आणि ४ ऑगस्ट १९४४ ला पकडली जाईपर्यंत ती त्याच खोल्यांमध्ये होती. पुस्तकांच्या फिरत्या कपाटामागे दार आहे. दार बुटकं, जिना उभा. आत सामान नाही. छावणीतून परत आलेल्या वडिलांच्या, ऑटो फ्रँक यांच्या इच्छेप्रमाणे खोल्या रिकाम्याच ठेवल्या आहेत. आठांपैकी तेच एकटे वाचले.

एका भिंतीवर काचेमागे पेन्सिलच्या रेघा आहेत. आईवडील मुलींची उंची मोजत होते, त्याच्या. शेजारी तारखा. लपलेल्या दोन वर्षांत ॲन तेरा सेंटिमीटरहून जास्त वाढली. आमच्या गावभागातल्या घरी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर अशाच रेघा आहेत, थोरलीच्या निळ्या, धाकट्याच्या लाल. थोरली त्या काचेसमोर बराच वेळ उभी होती. ॲन बर्गन-बेल्सनच्या नाझी छावणीत मरण पावली तेव्हा पंधरा वर्षांची होती. थोरली आता सोळाची आहे. मी काही बोलले नाही, तिनेही नाही. बाहेर आल्यावर तिने कालव्याच्या कठड्याला टेकून धाकट्याला सगळं पुन्हा नीट सांगितलं, कारण त्याला कपाटापाशी गर्दीत नीट दिसलं नव्हतं.

४ मे हा तिकडे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस असतो. रात्री आठला सगळा देश दोन मिनिटं थांबतो. आम्ही तेव्हा हार्लेमच्या मोठ्या चौकात होतो. उजेड अजून होता, मेमध्ये तिकडे नऊ वाजून गेल्यावर सूर्य मावळतो. कॉफीच्या दुकानातला पोरगा हातातला कप खाली ठेवून उभा राहिला, सायकलवाले उतरले. आमची मुलंही आपणहून थांबली. ही तारीख थोरलीने मुद्दाम साधली होती, ती आणि ॲनचं घर एकाच दिवशी यावं म्हणून. मला हे तिथे गेल्यावर कळलं.

५ मे, क्रुक्विउसचं पंपघर

हा दिवस संपूर्ण धाकट्याचा. हार्लेमहून बसने थोडं पुढे गेलं की क्रुक्विउस नावाचं जुनं वाफेचं पंपघर लागतं. दिसायला किल्ल्याच्या बुरुजासारखं, गोल. आत इंजिनचा जो सिलिंडर आहे त्याचा व्यास १४४ इंच, म्हणजे साडेतीन मीटरच्या वर. एवढा मोठा सिलिंडर असलेलं वाफेचं इंजिन जगात दुसरं नाही. त्याला आठ लोखंडी तुळया जोडलेल्या आहेत, त्या भिंतीतून बाहेर निघतात आणि प्रत्येक तुळई एकेक पंप ओढते. अशा तीन पंपघरांनी १८४९ पासून तीन वर्षं रात्रंदिवस पाणी उपसलं आणि हार्लेमचं अठरा हजार हेक्टरांचं सरोवर कोरडं केलं. आमचं विमान उतरलं ते तिथेच.

आता तिथे वाफ नाही, पण यंत्र हायड्रॉलिक जोरावर हलवून दाखवतात. तुळया एकदम वर उचलल्या गेल्या आणि सावकाश खाली आल्या. धाकट्याने तोवर भिंतीवरचा सगळा आराखडा वाचून काढला होता. "पप्पा, हे आपल्या म्हैसाळच्या उलटं आहे," तो म्हणाला. "आपण नदीचं पाणी वर जतला चढवतो. हे लोक खालचं वर काढून समुद्राला देतात."

त्याचं म्हणणं खरंच होतं. आमच्या जिल्ह्याइतकी पाण्याची दोन टोकं क्वचितच कुठे असतील. कृष्णाकाठी पूर, आणि जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे प्यायला पाणी नाही. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांनी पंप लावून टप्प्याटप्प्याने पाणी वर नेलं तेव्हा तिकडे ऊस आणि द्राक्षं दिसायला लागली. आणि पंप म्हटला की किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यातली, १९१० पासूनची. मुलगा हे शाळेत शिकला होता. पंपघराच्या बुरुजात उभं राहून त्याला त्यात आणखी काही दिसलं.

तिथे फिरवणाऱ्या आजोबांनी एक गोष्ट सांगितली. नेदरलँड्समध्ये पाण्याची मंडळं आहेत. बांध, कालवे, पंप सांभाळणं हे त्यांचं काम, त्यांचा कर वेगळा आणि त्यांची निवडणूकही वेगळी, दर चार वर्षांनी. ही पद्धत तेराव्या शतकापासूनची आहे. राजे बदलले, देशाचं नाव बदललं, मंडळं चालू राहिली. ह्यांनी त्या आजोबांना हळदीचं बोटभर खोड दिलं, सॅम्पल म्हणून खिशात असतंच. त्यांनी ते हुंगून शर्टाच्या खिशात ठेवलं.

६ मे, फुलं आणि शून्य

सकाळी क्युकेनहॉफची ट्युलिप बाग. वर्षातून साधारण आठ आठवडे, मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते, त्यामुळे आपल्या उन्हाळी सुट्टीत शेवटचे काही दिवस मिळतात. सुंदर आहे, फोटो काढले, मुलांना दोन तास पुरले.

दुपारी ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेच्या इमारतीत गेलो. ही जागा सहलीच्या पत्रकात नसते आणि तिकीटही नाही. तिथे काचेचे तीन उंच नळकांडे आहेत, पाण्याने भरलेले. दोन नळकांड्यांत समुद्राची आत्ताची पातळी दिसते, एकात आयमुइडन बंदराची, दुसऱ्यात फ्लिसिंगेनची. भरती-ओहोटीबरोबर पाणी खरंच वरखाली होतं. तिसऱ्या नळकांड्यात पाणी डोक्याच्या कितीतरी वर उभं आहे: ४.५५ मीटर. १९५३ च्या पुरात झीलँड प्रांतात समुद्र इथपर्यंत आला होता. ३१ जानेवारीच्या रात्री बांध फुटले आणि १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी डेल्टा वर्क्स नावाची धरणं आणि दरवाजे बांधायला घेतले ते पुढे कितीतरी वर्षं बांधत राहिले.

जिन्याने खाली उतरलं की काशाचा एक गोल खुंटा आहे. तो म्हणजे शून्य. त्या पातळीवरून सगळ्या देशाची उंची मोजतात.

सांगलीच्या माणसाला पाण्याची पातळी समजावून सांगावी लागत नाही. आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे आमच्याकडे पोरंसुद्धा सांगतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धाकटा तेव्हा दुसरी-तिसरीत होता. गावभागातल्या घरातून त्याला बोटीने बाहेर काढलं, सासूबाई मात्र देव आणि धान्य वर हलवल्याशिवाय निघेनात. त्या पुराबद्दल घरात कुणी फारसं बोलत नाही. तिथे खुंट्यापाशी धाकट्याने हात वर करून भिंतीवर अंदाजाने रेघ दाखवली, "आपल्या घरात इथपर्यंत होतं ना?" ह्यांनी त्याचा हात धरून आणखी वर नेला. मग आम्ही चौघे तिथल्या पायरीवर बसून त्या दिवसांबद्दल बोललो. कोण कुठे होतं, दुकानातली पोती कशी हलवली, विश्रामबागला कुणाच्या घरी किती माणसं राहिली. मुलांना यातलं कितीतरी माहीतच नव्हतं.

नदीबाबत डच लोकांनी अलीकडे बांध उंच करण्याखेरीज आणखी एक केलं. नदीला जागा द्यायची म्हणून तीसहून जास्त ठिकाणी कामं केली. नाइमेगेन शहरात तर बांध साडेतीनशे मीटर मागे सरकवला, काही घरं हलवली आणि नदीला बाजूने दुसरा प्रवाह काढून दिला. आपल्या पूररेषेत काय काय उभं राहिलं आहे हे सांगलीत सगळ्यांना ठाऊक आहे. मला मनापासून वाटतं की आपल्या नगरसेवकांनी एकदा हे बघून यावं.

७ मे, पॅरिसकडे

ॲमस्टरडॅम ते पॅरिस रेल्वे, तीन तास वीस मिनिटं. मध्ये बेल्जियम येऊन गेला, अँटवर्प, ब्रसेल्स. ही तिकिटं विमानासारखी असतात, जितकी आधी काढाल तितकी स्वस्त.

पॅरिसला उतरताच सूत्रं थोरलीच्या हातात गेली. तिने पहिलं वाक्य उच्चारलं, "फोन मागच्या खिशात कुणी ठेवायचा नाही." मेट्रोत पाकीटमार असतात, विशेषतः गर्दीच्या स्थानकांवर. स्टेशनपासून चालत ला शापेल भागात गेलो. तिथे श्रीलंकेतल्या तमिळ लोकांची वस्ती आहे, दुकानांत कढीपत्ता, नारळ, इडलीचं पीठ, आणि जवळच गणपतीचं देऊळ. सांगलीकरांना परदेशात गणपती भेटला की पुढचा प्रवास सुखाचा वाटतो. गरम डोसा खाल्ला आणि मुक्कामाला गेलो.

८ मे, आयफेल टॉवर

दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या. लिफ्टपेक्षा जिना स्वस्त आहे, आणि दंडोबाच्या डोंगरावर जाऊन-येऊन असलेल्या मुलांना तो जडही गेला नाही. चढत जाताना लोखंडाची जोडणी अगदी हाताशी येते, एकेक रिव्हेट दिसतो. १८८९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेला हा टॉवर वीस वर्षांनी काढून टाकायचा होता. पुढे बिनतारी संदेशांसाठी उपयोगी पडला आणि राहिला.

पहिल्या मजल्याच्या खाली चारही बाजूंनी सोनेरी अक्षरांत ७२ शास्त्रज्ञांची आणि इंजिनियरांची नावं बांधतानाच लावलेली आहेत. थोरलीने ती यादी घरूनच आणली होती. कूलॉम, अँपिअर, फूको, लाप्लास. पुस्तकातली एककं आणि समीकरणं तिथे माणसांच्या नावांनी उभी होती. चारही बाजूंना फिरून ती म्हणाली, "आई, ७२ मध्ये एकही बाई नाही. सोफी जर्मेन कुठाय?" लवचीक पदार्थांच्या गणितावर काम केलेली ही फ्रेंच बाई. टॉवर ज्या शास्त्रावर उभा राहिला त्यात तिचाही वाटा होता. हे नाव मी तिच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं.

९ मे, पँथिऑन आणि क्युरींची प्रयोगशाळा

म्हणून हा दिवस तिने असा लावला होता. आधी पँथिऑन, म्हणजे फ्रान्सच्या थोर माणसांना जिथे पुरतात ती इमारत. घुमटापासून ६७ मीटर लांब तारेला टांगलेला फूकोचा लंबक तिथे सावकाश झुलतो. १८५१ मध्ये फूकोने याच जागी पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे लोकांना डोळ्यांनी दाखवलं. लंबक आपली दिशा सोडत नाही, खालची जमीन फिरते. आम्ही आलो तेव्हा लंबक खालच्या वर्तुळावरच्या एका खुणेवरून जात होता. तळघर बघून वर आलो तेव्हा तो सरकलेला होता. ह्यांना ते इतकं आवडलं की ते तिथून हलेनात.

तळघरात मेरी क्युरी आहेत. १९९५ मध्ये त्यांना इथे आणलं, स्वतःच्या कर्तृत्वावर इथे जागा मिळालेली ती पहिली स्त्री. किरणोत्सर्ग बाहेर येऊ नये म्हणून शवपेटीला आतून शिशाचा पत्रा आहे. तिथून चालत दहा मिनिटांवर क्युरी संग्रहालय, त्यांची खरी प्रयोगशाळा आणि ऑफिस. प्रवेश फुकट, पण आठवड्यातले चारच दिवस आणि दुपारनंतरच उघडं असतं, म्हणून दिवस आधी बघून ठेवावा. जागा लहान आहे. एक टेबल, फळ्यांवर काचेची भांडी, खिडकीतून दिसणारी छोटी बाग. १९०३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल, १९११ चं रसायनशास्त्राचं, आणि १९३५ मध्ये लेक इरेनलाही रसायनशास्त्राचं. थोरलीने तिथे एका भांड्याचं चित्र वहीत काढलं, फोटो काढायची परवानगी असतानाही. अकरावीला सायन्स घ्यायचं की नाही यावर तिचं डिसेंबरपासून हो-नाही चाललं होतं. त्या संध्याकाळी नदीकाठी बसून भडंग खाताना ती म्हणाली, सायन्सच.

१० मे, लुव्र

लुव्र संग्रहालय अठरा वर्षांखालच्यांना फुकट, पण वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते. मंगळवारी बंद. मोनालिसा ७७ सेंटिमीटर उंच आणि समोर शंभर फोन. मुलांनी ठरवून तीनच दालनं बघितली. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी, त्याच्या कायद्याचा काळा दगड सगळ्यांना आवडला, माणसाच्या उंचीहून मोठा आणि त्यावर मुंगीसारखी अक्षरं. दुपारी नोत्र दामचं चर्च. २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं, आतला दगड इतका स्वच्छ की नवाच वाटतो.

११ आणि १२ मे, ल्युसर्न

पॅरिसहून बाझलमार्गे ल्युसर्न. इथून युरो बंद, फ्रँक सुरू. फोनचं पॅक घेतानाच स्वित्झर्लंड यादीत आहे ना ते बघावं. देश युरोपीय संघात नाही, त्यामुळे बऱ्याच युरोप पॅकमध्ये तो नसतो. मोठ्या पिनांचे आपले चार्जर इथे बसत नाहीत, दोन बारीक पिनांचे बसतात.

ह्यांनी तीन दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास घेतला. रेल्वे, बस, बोट सगळं त्यात येतं, आणि सोळा वर्षांखालचं मूल आईवडिलांसोबत फुकट, फक्त फॅमिली कार्ड मागून घ्यायचं. धाकटा असा फुकट फिरला. थोरलीला सोळा पूर्ण झालेली, तिला तरुणांचा सवलतीचा पास.

१२ ला टिटलिस. बर्फ बघायचा हा ह्यांचा हट्ट होता आणि तो रास्तच होता. एंगेलबर्गहून गोल फिरणाऱ्या केबल कारने तीन हजार मीटरवर गेलो, पासवर निम्म्या पैशांत. हे आणि धाकटा दोन तास बर्फात घसरत होते. ह्यांना इतकं मोकळं हसताना मी बऱ्याच वर्षांनी बघितलं.

१३ मे, रिगी

दहावीचा निकाल दुपारी एकला लागणार हे आदल्या दिवशी कळलं. तिथे तेव्हा सकाळचे साडेनऊ. आम्ही ल्युसर्नहून बोटीने फित्सनाउला निघालो होतो, दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, आणि चौघांचे डोळे एका फोनवर. सीट नंबर, आईचं नाव, आणि मग चाक फिरत राहिलं. एकाच वेळी लाखो मुलं तिथे येतात, होणारच. थोरलीने फोन माझ्या हातात दिला आणि कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. आमच्याकडे पान उघडायच्या आत सांगलीहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. शेजारच्या मुलाने त्यांना सायबर कॅफेतून निकाल आणून दिला होता. "पोरी, नव्वदच्या वर हायत! शास्त्राला तर बघ!" त्या कागद कॅमेऱ्याला इतका चिकटवून धरत होत्या की आम्हाला पांढरं सोडून काहीच दिसेना. बोटीवरच्या एका स्विस आजींनी काय झालं विचारलं. धाकट्याने समजावलं. त्यांनी पिशवीतून चॉकलेट काढून थोरलीच्या हातावर ठेवलं.

फित्सनाउहून रिगीच्या डोंगरावर जाणारी दातेरी रेल्वे १८७१ ची, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. पासमध्ये पूर्ण फुकट. माथा १,७९८ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा दीडशे मीटर उंच. वर गायींच्या गळ्यातल्या घंटा, खाली सरोवर. थोरलीने तिथे बसून मैत्रिणींना एकेक करून फोन केले, जवळजवळ तासभर. आम्ही तिला घाई केली नाही. डोंगर बघायला आलोय, फोन ठेव, असं म्हणायचा तो दिवस नव्हता.

१४ मे आणि पुढे

ल्युसर्नहून झुरिक विमानतळापर्यंत पासच्या शेवटच्या दिवसावर रेल्वे. पहाटे मुंबई, दुपारी सांगली.

अकरावीचे ऑनलाइन अर्ज आता सगळ्या राज्यात एकत्र होतात, त्यामुळे थोरली आल्या आल्या कॉलेजांची पसंती लावायला बसली. धाकट्याने आजीला क्रुक्विउसच्या आठ तुळया कागदावर काढून दाखवल्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आपल्या म्हैसाळला किती पंप आहेत?" ते कुणालाच सांगता आलं नाही. आता एका रविवारी म्हैसाळचं पंपगृह बघायचं ठरलं आहे. आत जायला परवानगी लागते का, ते विचारायला हे उद्या पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात जाणार आहेत. सासूबाईही यायचं म्हणतात.